डोझर जागचा हलेना

इंजिन व्यवस्थित चालू होतं. पुढचं अजस्र पातं सांगितल्यासारखं वर उचललं जात होतं, खाली टेकत होतं. भोंगा वाजत होता. बिघाड म्हणून बोट ठेवावं असं कुठेच काही दिसत नव्हतं. फक्त डोझर जागचा हलत नव्हता.

चालकाने पुढचा गिअर टाकला, मागचा टाकला. आधी दटावून पाहिलं, मग गोंजारून पाहिलं. हा माणूस अंगाने आडदांड, मनगटं खांबासारखी, म्हणून सगळे त्याला पैलवान म्हणायचे. जन्मात एकदाही कुस्ती खेळलो नाही, हे त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. त्या दुपारी मात्र त्याचा चेहरा शाळेत डबा विसरलेल्या पोरासारखा उतरला होता.

एरवी डोझर अडला असता तर कुणी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण ही जागा म्हणजे शहराचा कचरा डेपो, आणि डेपोच्या एका कोपऱ्यात सकाळपासून आग होती. कचऱ्याची आग गवतासारखी भडकत नाही. ती ढिगाच्या पोटात शिरते आणि आतल्या आत धुमसत पुढे सरकते. वरून बघावं तर पिवळट धूर तेवढा दिसतो, आणि पाय ठेवावा तर बुटाचा तळ मऊ होतो. अग्निशमन दलाचा बंब पाणी मारत होता. पण ते वरच्या थरात जिरून जात होतं. उपाय एकच होता. जळणारा कोपरा आणि मागचा मोठा ढीग यांच्यामध्ये कचरा खरवडून मोकळी पट्टी काढायची आणि कोपऱ्यावर माती लोटून त्याचा श्वास कोंडायचा. ढिगाच्या पलीकडे कुंपणाची भिंत, भिंतीला लागून वस्ती. आग मोठ्या ढिगात शिरली असती तर तो धूर आठवडेच्या आठवडे त्या घरांमध्ये मुक्कामाला गेला असता. आणि पट्टी अर्धी निघते न निघते तोच डोझरने पाय गाळले.

डेपोचे मुकादम फोनवर फोन करत होते. खाणीवरचा एक डोझर त्यांनी मागवला, पण तो ट्रेलरवर चढवून आणायचा म्हणजे संध्याकाळ. मुकादमांनी कपाळ पुसलं आणि मघापासून ओठांवर आलेलं नाव शेवटी घेतलं.

"सूनबाईंना बोलवा."

सूनबाई डेपोतल्या कुणाचीच सून नव्हती. ती ज्यांची सून होती ते म्हातारे मिस्त्री. शहरातले रोडरोलर, डोझर, खोदाईची यंत्रं त्यांच्या हाताखालून गेलेली. ते तिला सूनबाई म्हणून हाक मारायचे, म्हणून हाताखालची माणसं म्हणायला लागली, मग चालक, मग मुकादम. तिच्या वडिलांच्या वयाची माणसं तिला अहो-जाहो करून सूनबाई म्हणायची आणि तिच्याहून धाकटे गाडीवालेही तेच म्हणायचे. स्टोअरमधला कारकून तर सामानाच्या पावतीवरही तेच लिहायचा. एकदा हिशेब तपासनिसाने विचारलं होतं की या पावतीवर सही करणाऱ्या सूनबाई नेमक्या कुणाच्या. कारकून म्हणाला, साहेब, डोझरच्या.

ती मिस्त्रीण झाली त्याचं खरं कारण तिचे कान. माहेरी पिठाची गिरणी होती. तिचं लहानपण गिरणीच्या उंबऱ्यावर गेलं आणि जात्याच्या आवाजावरून दळण जाड पडतंय की बारीक, पट्टा सैल झालाय की दगड घासून गुळगुळीत झालाय, हे तिला डोळे मिटून सांगता यायचं. माहेरच्यांना त्यात विशेष काही वाटत नसे. सासरी मात्र कामाचा कान कुणाला उरलाच नव्हता. मिस्त्रींनी आयुष्यभर डिझेल इंजिनांशेजारी उभं राहून आपले दोन्ही कान त्या धंद्याला वाहून टाकले होते. आणि त्यांचा मुलगा, म्हणजे तिचा नवरा, घड्याळं दुरुस्त करायचा. बापाचा एक सुटा भाग उचलायला क्रेन लागे आणि मुलाचा उचलायला चिमटा. बाप जोरात शिंकला तरी मुलाच्या टेबलावरचे चार स्क्रू कायमचे दिसेनासे व्हायचे. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, पण कामाचं बोलणं कधी झालं नाही.

लग्नानंतर काही वर्षांनी ती एकदा मिस्त्रींचा डबा घेऊन कारखान्यात गेली. मिस्त्री एका रोलरच्या इंजिनावर हात ठेवून उभे होते आणि इंजिन ठीक झालं म्हणून रोलरच्या मालकाला सांगत होते. ती डबा हातात धरून थोडा वेळ ऐकत राहिली. मग त्यांच्यासमोर जाऊन, ओठ वाचता येतील असं हळू म्हणाली, "मामंजी, मधूनच एक ठोका चुकतोय."

मालक हसला. मिस्त्री हसले नाहीत. त्यांनी परत झाकण उघडलं. एका सिलेंडरची डिझेलची नळी किंचित ढिली होती. त्या दिवशी त्यांनी डबा खाल्ला नाही. सुनेला समोर बसवून एकेका सिलेंडरचा आवाज वेगवेगळा करून ऐकवला आणि प्रत्येक वेळी तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी तिला डबा द्यायला यायला सांगितलं, आणि थोडं लवकर ये म्हणाले.

आधी ती त्यांचे कान झाली. मग नटबोल्ट रॉकेलमध्ये धुता धुता हात झाली. नवऱ्याने तक्रार केली नाही. उलट संध्याकाळी दुकानातून येताना तो तिच्या नखांतलं ग्रीस काढायला स्वतःच्या कामाचा बारीक ब्रश आणायला लागला. शेजारच्या बायका सुरुवातीला कुजबुजल्या. मग त्यांतल्या एकीचं कपडे धुवायचं यंत्र अडलं, सूनबाईने ते बसल्या बसल्या सुरू करून दिलं, आणि कुजबूज तिथेच थांबली. मिस्त्री आता कामावर क्वचित येत. पण मोठं काम असलं की ती त्यांना स्कूटरवर मागे बसवून न्यायचीच. त्यांना विचारायचं असतं म्हणून, आणि त्यांना घरी करमत नाही म्हणूनही.

त्या दुपारीही ती तशीच आली. मागे मिस्त्री, पायाशी हत्यारांची पेटी, नाकातोंडाला ओला रुमाल. मुकादम धावत सामोरे आले आणि एका दमात आग, वारा, वस्ती, ट्रेलर असं सगळं सांगून मोकळे झाले. तिने ऐकून घेतलं आणि पैलवानाकडे वळली.

"दादा, थांबला तो झटका देऊन थांबला की दमत दमत?"

पैलवानाला हा प्रश्न बरा वाटला. आत्तापर्यंत सगळ्यांनी त्याला तू काय केलंस एवढंच विचारलं होतं. तो म्हणाला, झटका नाही, आवाज नाही, काही तुटल्यासारखं नाही. आधी जोर कमी झाला. मातीचा ढीग पुढ्यात घेतला की जागच्या जागी रेंगाळायला लागला. मग रिकाम्यालाही रेंगाळला, आणि मग बसला तो बसलाच.

तिने पहिल्यांदा सगळ्यात साध्या गोष्टी बघितल्या. उभं करायचा ब्रेक सुटलेला आहे का, सुरक्षेची कडी अडकली आहे का. मोठ्या यंत्राचा मोठा बिघाड शोधत दिवस घालवायचा आणि शेवटी एक कडी उलटी पडलेली सापडायची, हे तिने एकदा अनुभवलं होतं. कड्या ठीक होत्या. मग ती चाकांवरून फिरणाऱ्या लोखंडी चेनच्या बाजूने वाकत वाकत फिरली. कचरा डेपोतला डोझर म्हणजे जगातल्या सगळ्या तारा, गाद्यांच्या स्प्रिंगा आणि फाटक्या साड्या गोळा करणारं यंत्र. चाकांभोवती काय गुंडाळलं जाईल त्याचा नेम नाही. थोडी तार निघाली, पण एवढ्या धुडाला अडवील अशी नाही. गिअरबॉक्सचं तेल मापाच्या पट्टीवर बघितलं. पातळी बरोबर होती. पट्टीचं टोक तिने बोटांत चोळलं, नाकाशी नेलं. जळका वास नव्हता.

"आता गिअर टाका," ती म्हणाली आणि डोळे मिटून उभी राहिली.

पैलवानाने गिअर टाकला. इंजिनाचा सूर होता तसाच राहिला. तिने मान हलवली. ब्रेक जाम असता किंवा चेन अडकली असती तर गिअर पडताक्षणी इंजिन कण्हलं असतं. हे इंजिन कण्हत नव्हतं, म्हणजे त्याच्यावर कसलंच ओझं पडत नव्हतं. ताकद चेनपर्यंत पोचतच नव्हती. चालकाच्या पायाखालची लोखंडी पट्टी काढून तिने आत बघितलं. इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे जाणारा शाफ्ट मजेत गरगरत होता. म्हणजे ताकद गिअरबॉक्सच्या दारापर्यंत येत होती आणि आत हरवत होती.

या जातीच्या डोझरमध्ये गिअर पकडतो तो तेलाच्या दाबाने. एक पंप खालच्या टाकीतून तेल खेचतो, दाबाने क्लचप्लेटांवर सोडतो, प्लेटा एकमेकींना घट्ट चिकटतात आणि डोझर चालतो. तिने दाब मोजायचं मीटर लावलं. काटा कसाबसा उठला आणि लोळत पडला.

"पंप गेला," मुकादम म्हणाले. असा पंप काही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.

तिने पंपाला दोष द्यायची घाई केली नाही. इंजिन बंद करून आधी फिल्टर उघडला. तो स्वच्छ होता, आणि त्यात लोखंडाचा चुरा अजिबात नव्हता. पंप किंवा प्लेटा झिजून गेल्या असत्या तर त्यांचा चुरा इथे चमकला असता. तिने फिल्टर परत बसवला आणि पुढचं काय बघायचं याचा विचार करत असतानाच, मीटर तपासावं म्हणून इंजिन चालू करायला सांगितलं. काटा टुणकन उठून जागेवर गेला. पैलवानाने गिअर टाकला आणि डोझर चालायला लागला.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बंबावरच्या जवानाने टोपी काढून हलवली. मुकादम म्हणाले, सूनबाई, तुमच्या हाताला यश आहे. ती मात्र मीटरच्या काट्याकडेच बघत होती. तिने दुरुस्त काहीच केलं नव्हतं. स्वच्छ फिल्टर काढला होता आणि तोच परत लावला होता. ती मुकादमांना म्हणाली, थोडं सपाटीवर चालवून बघू, इतक्यात आगीकडे नको. मुकादमांनी भिंतीकडे बघितलं. वारा फिरला होता, धूर आता भिंतीवरून पलीकडे उतरत होता. त्यांचंही चुकलं असं म्हणता येणार नाही. त्यांनी पैलवानाला पुढे जायला सांगितलं.

पैलवानाने पट्टीचा बराच भाग काढला. मग इंजिनाच्या गुरगुराटात सूनबाईला एक बारीक, चिरका सूर ऐकू आला, आणि ती हात वर करून ओरडायच्या आत डोझर पुन्हा रेंगाळला, थांबला. या वेळी तो जळत्या कोपऱ्याच्या अगदी कडेला थांबला होता.

बंबाने लगेच पाण्याचा फवारा डोझरवर वळवला. आग दिसत नव्हती, पण डोझरच्या पुढच्या बाजूचा रंग फुगायला लागला होता आणि डिझेलची टाकी भरलेली होती. मुकादम पैलवानाला उतर उतर म्हणून हाका मारत होते. पैलवान उतरेना. तो खोकत होता, डोळे पुसत होता, पण त्याची नजर सूनबाईवर होती.

तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. विश्रांती मिळाली की चालतो. थोडं काम केलं की दमतो. तेल तेच, पंप तोच, फिल्टर तोच. मग इंजिन बंद असताना असं काय बदलतं? तेल खेचलं जाणं थांबतं, एवढंच. आणि मग तिला रोजची मोरी आठवली. धुण्यातला एखादा रुमाल पाण्याबरोबर वाहत जाऊन भोकावर बसतो आणि पाणी तुंबतं. वरून कितीही पाणी ओता, तो तिथेच चिकटून राहतो. ओढ थांबली की तोच रुमाल सैल होऊन तरंगायला लागतो. टाकीच्या तळाशी पंपाच्या तोंडावर जाळी असते. त्या जाळीवर काहीतरी जाऊन बसत होतं. पंप बंद झाला की ते सुटून पडत होतं, आणि चालू झाला की पुन्हा ओढलं जात होतं.

ती मिस्त्रींकडे वळली. ते मघापासून एका उलट्या पिंपावर बसून सगळं बघत होते. ऐकू येत नसलं तरी त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. तिने एक तळहात पालथा धरला आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याला खालून चिकटवून, सोडून, परत चिकटवून दाखवली. बोललेल्या शब्दापेक्षा दोघांना हीच भाषा सोपी होती. मिस्त्री उठले. ओला रुमाल तोंडावर घट्ट बांधून, कुणी अडवायच्या आत ते फवाऱ्याखालून डोझरच्या मागच्या अंगाला गेले आणि गिअरबॉक्सच्या खालच्या बाजूला, पंप असतो तिथे, तळवा टेकवला. इंजिन अजून चालूच होतं. जेमतेम दोन श्वास घेतले असतील नसतील, परत आले.

"पंप तरणाताठा आहे," ते म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसं जरा मोठ्याने. "उपाशी आहे बिचारा."

आता बिघाड कळला होता. पण तो काढायचा तर टाकीतलं सगळं तेल सोडायला हवं होतं, आणि जळत्या कोपऱ्याशी पिंपभर गरम तेल सोडणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. डोझर आधी तिथून बाहेर यायला हवा होता. तो ओढून काढील असं दुसरं यंत्र डेपोत नव्हतं. तेव्हा सूनबाईने ठरवलं की या बिघाडाकडूनच काम करून घ्यायचं.

ती पैलवानाला दिसेल अशी समोर, पण धूर येणार नाही अशा बाजूला जाऊन उभी राहिली. आवाज पोचणार नव्हता, म्हणून एकदा जवळ जाऊन तिने त्याला सगळं सांगितलं होतं. इंजिन बंद करायचं, मी हात वर करीपर्यंत चालू करायचं नाही. चालू केल्यावर रेस द्यायची नाही, अगदी मंद ठेवायचं. पंप जितका हळू खेचेल तितकं ते जाळीवर उशिरा जाईल. मागचा गिअर. आणि माझा हात खाली आला की लगेच बंद, डोझर चालत असला तरी बंद. पैलवानाने नुसती मान डोलावली. एरवी हा माणूस सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांना तोंडावर हसायचा, मुकादमांचंही अर्धंच ऐकायचा.

इंजिन बंद झालं. फवाऱ्याचा आणि धुमसणाऱ्या कचऱ्याच्या चरचरण्याचा तेवढा आवाज उरला. आगीच्या तोंडाशी यंत्र बंद करून स्वस्थ बसायचं, हे बघणाऱ्यांना सहन होईना. मुकादम तर पाठ फिरवून उभे राहिले. सूनबाई मनातल्या मनात जाळीवरून सुटलेली ती वस्तू तेलातून खाली बसताना बघत होती. पुरेसा वेळ गेला असं वाटलं तेव्हा तिने हात वर केला.

डोझर मंद घुरघुरत मागे सरकला. ती कान देऊन उभी होती. उपाशी पंपाचा तो बारीक चिरका सूर उमटायच्या बेतात असतानाच तिने हात खाली केला. बंद. पुन्हा थांबणं. पुन्हा हात वर. पुन्हा थोडं मागे. एखाद्या थकलेल्या म्हाताऱ्या माणसाला जिने चढवताना दर वळणावर बसवावं तसं तिने त्या धुडाला पावलापावलाने मागे आणलं. मधे एकदा तिचा अंदाज चुकला आणि डोझर रेंगाळला. तिने घाबरून न जाता पैलवानाला बंद करायला लावलं आणि जास्त वेळ थांबली. पैलवान एकदाही घायकुतीला आला नाही. धुरातून तो काळा ठिक्कर होऊन बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पांढरं असं फक्त डोळ्यांतून गालांवर ओघळलेल्या पाण्याच्या रेघा एवढंच होतं.

सपाटीवर आल्यावर पुढचं काम ओळखीचं होतं. तेल सोडून पिंपांत भरलं. खालचं झाकण उघडलं. भोक लहान, पैलवानाची मूठही आत गेली नसती. सूनबाई आडवी झाली, बाही खांद्यापर्यंत वर सारली आणि कोमट तेलात हात घातला. बराच वेळ ती तशीच, गाल लोखंडाला टेकवून, कुठेतरी दूर बघत चाचपत होती. मग तिचा चेहरा हलला. हात बाहेर आला तो तेलाने निथळणारा एक कापडी बोळा घेऊन. हात पुसायचा साधा बोळा. वर्षापूर्वी हा गिअरबॉक्स परगावच्या एका मोठ्या कारखान्यात उघडला होता. तिथे कुणाच्या तरी हातून आत राहिला, इतके दिवस कुठल्यातरी कोपऱ्यात पडून राहिला आणि आज नेमका हलला.

मुकादमांच्या अंगाची आग झाली. त्या कारखान्याला असं लिहितो की जन्मभर आठवण ठेवतील, असं ते म्हणाले. सूनबाईने बोळा पिळून डोझरच्या चेनवर वाळत टाकला.

"लिहा की," ती म्हणाली, "पण झाकण लावताना घाईत होता बिचारा, एवढं समजून लिहा. आपलंही कधी होईल."

मिस्त्रींना हे ऐकू गेलं नाही. ते जाळी हातात घेऊन उजेडासमोर धरून बघत होते. तिची एकही तार वाकलेली नव्हती याचा त्यांना फार आनंद झाला होता, आणि तो आनंद ते बंबावरच्या जवानाला, त्याला त्यातलं काही कळत नव्हतं तरी, मोठमोठ्याने सांगत होते.

जाळी धुतली, झाकण बसलं, नवं तेल भरलं. उन्हं कलायच्या आत पट्टी पुरी झाली आणि मातीचे ढीग जळत्या कोपऱ्यावर चढायला लागले. खाणीवरचा डोझर ट्रेलरवरून आला तेव्हा त्याला हाताखाली घेऊन पैलवानाने उरलेलं काम संपवलं. आग मोठ्या ढिगात शिरली नाही. कोपऱ्यातला धूर पुढे काही दिवस पातळ होत होत गेला. भिंतीपलीकडच्या लोकांनी खिडक्या उघडल्या; डोझर अडला होता याचा त्यांना पत्ताही नव्हता, आणि लागायचं कारणही नव्हतं.

घरी पोचल्यावर नवऱ्याने तिचा हात बघितला. मनगटापासून खांद्यापर्यंत तेलाचा थर. त्याने पाणी तापवलं, आणि हात धुताना ती सांगेल तसं ऐकत राहिला. बोळ्यावर आल्यावर मात्र तो थांबला. म्हणाला, घड्याळातही असंच होतं, एखादा कापसाचा धागा, आणि घड्याळ रोज ठरावीक वेळीच थांबतं. मिस्त्री समोर बसून दोघांच्या ओठांकडे बघत होते. त्यांनी मुलाला ते परत सांगायला लावलं. मग मुलाने टेबलावरचं एक उघडं घड्याळ बापासमोर ठेवलं, डोळ्याला लावायची काच त्यांच्या हातात दिली, आणि चिमट्याच्या टोकाने चाकं दाखवायला लागला. मिस्त्री श्वास रोखून बघत होते. सूनबाई हात पुसत दारातच उभी राहिली. त्या दोघांना कामावर बोलताना तिने पहिल्यांदाच बघितलं होतं, म्हणून स्वयंपाकघरातली भांडीसुद्धा तिने आवाज न करता उचलली.

दोन-तीन दिवसांनी ती दाब पुन्हा मोजायला डेपोत गेली. काटा जागेवर होता. मीटर काढून ती निघाली, तर पैलवान डोझरवरून खाली उतरला आणि बाजूला उभा राहिला. मग पुन्हा पायरीवर चढून त्याने बसायच्या जागेवरची धूळ आपल्या बाहीने झटकली.

"सूनबाई, इतकी वर्षं याच्या पोटात हात घालता. एकदा वर बसून बघा की."

तिने कधीच डोझर चालवला नव्हता. त्याची एकेक कळ तिला तोंडपाठ होती, पण त्या दुरुस्त करायच्या म्हणून. ती चढली. जागा तिच्यासाठी फार मोठी होती, पाय जेमतेम पोचत होते. पैलवान पायरीवर उभा राहून दाखवणार होता, पण दाखवायला काही उरलंच नव्हतं. तिने गिअर टाकला. डोझर हलला, आणि पातं मातीत टेकवल्यावर पुढची जमीन सावकाश उचलली जाऊन तिच्यापुढे सरकायला लागली. इंजिन मात्र या वेळी तिने ऐकलं नाही. ती हसत होती.